मासे परत परत लपतात? खान्देशातल्या टाकीची तपासणी कुठून सुरू करायची

टाकीत दहा मासे आणि दाखवायला एक नाही, ही तक्रार जळगाव-भुसावळकडच्या कुठल्याही अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं तरी कानावर पडते. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं, "नवीन आहेत भाऊ, होतील सेट." कधीकधी खरंच होतात. पंधरा दिवस मजेत फिरतात आणि मग एके दिवशी परत फिल्टरच्या मागे, लाकडाखाली, हीटरच्या आडोशाला जाऊन बसतात. वैतागून मालक लाकूड काढतो, मोठे गोटे काढतो, लाईट वाढवतो. आता तरी दिसतील! मग मासे कोपऱ्यात एकमेकांना चिकटून रंग उडाल्यासारखे उभे राहतात, आणि एखादा झाकणाच्या फटीतून उडी मारून सकाळी फरशीवर सापडतो.

उपाय नेमका उलटा आहे. पाणी ठीक असेल तर माशाला बाहेर काढायला टाकीत आडोसे वाढवावे लागतात आणि त्याच्या जातीचे सोबती वाढवावे लागतात. पण 'पाणी ठीक असेल तर' हे चार शब्द आपल्या भागात फार जड जातात. मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत चढणारा पारा, डिसेंबरात धुळ्याकडे दहाच्या खाली उतरणारी थंडी, बोअरचं क्षारट पाणी, चार-पाच दिवसांनी येणारा नळ आणि मधूनच जाणारी वीज. पुण्या-मुंबईच्या माणसाने दिलेला सल्ला इथे निम्मा लागू पडतो, निम्मा नाही.

आधी 'कधीपासून' ते बघा

औषधाची बाटली आणण्याआधी एवढं एक ठरवा. मासा आणल्यापासून लपतोय, की चांगला फिरत होता आणि अचानक लपायला लागला, की काही ठरावीक वेळीच लपतो?

आणल्यापासून लपत असेल आणि आठवडाही झाला नसेल, तर काही करू नका. तो पिशवीत बसून बाहेरगावाहून दुकानात, दुकानातून गाडीवर तुमच्या घरी आलाय. पहिल्या रात्री लाईट बंद, पहिल्या दिवशी खाणं नाही, टाकीत हात नाही. पंधरा-वीस दिवसांनंतरही तोच प्रकार असेल तर सोबत, आडोसा किंवा टाकीची जागा यांपैकी काहीतरी चुकलंय, ते पुढे बघू.

चांगला फिरणारा मासा अचानक लपला तर मात्र त्याच दिवशी पाणी तपासायचं. आणि ठरावीक वेळी लपणाऱ्यांसाठी सर्वांत कामाची वस्तू म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. पाणी बदललं, नळ आला, डासांचं औषध मारलं, वीज गेली, नवा मासा टाकला, प्रत्येकाची एका अक्षराची खूण करा आणि मासे लपले त्या दिवसाभोवती गोल. महिनाभराच्या खुणांत कारण बहुधा स्वतःच दिसतं. 'अधूनमधून लपतात' म्हणणाऱ्या बऱ्याच घरांत ते 'अधूनमधून' म्हणजे पाणी बदलल्यानंतरचे दोन दिवस असतात.

पाणी बदललं की लपतात

हा आपल्याकडचा सर्वांत जास्त दिसणारा प्रकार. याच्या पोटात तीन-चार वेगवेगळी कारणं असतात, म्हणून जरा सावकाश.

पहिलं कारण गच्चीवरची काळी टाकी. एप्रिल-मेमध्ये दुपारी तिचं पाणी हाताला चटका देतं. ते पाइपने थेट काचेच्या टाकीत सोडलं की पाच मिनिटांत तापमान चार-पाच अंशांनी उडी घेतं. जानेवारीत सकाळी तीच टाकी बर्फासारखी गार असते. उन्हाळ्यात पाणी बदलायचं ते पहाटे, हिवाळ्यात बदलायचं ते दुपारी. शक्य असेल तर बादलीत आदल्या दिवशीच भरून, मासे असलेल्या खोलीतच ठेवायचं. थर्मामीटर शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. नवं पाणी आणि जुनं पाणी यांत दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको.

दुसरं कारण नळाचा दिवस. खूप दिवसांनी नळ येतो, घरात सगळं धुणं-भरणं त्याच दिवशी, मग टाकीही त्याच दिवशी. पण ताज्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, जरा सढळ हाताने पडली असेल तर त्याचा वास नाकालाच कळतो. क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना जाळतं. मेला नाही तरी दोन दिवस तो कोपरा सोडत नाही. उघड्या बादलीत चोवीस तास, एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे काढणारा दगड) सोडून ठेवलं तर क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर हायपो, म्हणजे दुकानातलं अँटी-क्लोरीन, बाटलीवर लिहिलेल्या मापाने.

बोअरवाले म्हणतील, आमच्याकडे क्लोरीनच नाही. बरोबर. पण जमिनीतून नुकत्याच आलेल्या पाण्यात बऱ्याचदा प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. बादलीत काही तास हवा खेळवली की ते पाणी ताळ्यावर येतं आणि त्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे तो आकडा, तोही थोडा वर सरकून स्थिर होतो. त्यामुळे बोअरचं पाणीही शिळं करूनच टाकायचं.

तिसरं कारण सर्वांत छुपं. उन्हाळ्यात टाकीचं पाणी भराभर आटतं. आपण वरून तांब्या-दोन तांबे बोअरचं पाणी घालतो. आटताना फक्त पाणी उडतं, क्षार टाकीतच राहतात. वरून घातलेल्या प्रत्येक तांब्याबरोबर नवे क्षार येतात. दोन-तीन महिन्यांत टाकीतलं पाणी बोअरपेक्षाही जड होऊन बसतं. मासे हळूहळू त्याला सरावतात, तक्रार करत नाहीत. मग एका रविवारी आपण हौसेने निम्मं पाणी बदलतो आणि क्षारांचं प्रमाण एका झटक्यात बदलतं. सगळे मासे तळाशी. आपल्याला वाटतं, स्वच्छ पाणी यांना मानवत नाही!

यावर उपाय सोपा आहे. आटलेल्या पाण्याची भरती आरओच्या पाण्याने करायची, कारण त्यात क्षार जवळपास नसतात. बदलताना मात्र नेहमीचंच शिळं पाणी, तेही निम्मं नाही तर पाचवा-चौथा हिस्सा, आठवड्याला एकदा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घरात असेल (आरओवाले हल्ली देतातच) तर टाकी आणि बादली दोन्ही मोजा. आकड्यांत मोठी तफावत दिसली तर एकदम बदल करू नका, दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं करत खाली आणा. आणि पूर्ण टाकी आरओच्या पाण्याने भरायचा मोह टाळा. क्षार अजिबात नसलेल्या पाण्यात पीएच कधीही घसरतो, मासे आणखी बिथरतात.

निऑन टेट्रावाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. हा मासा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ, पानांच्या अर्काने चहासारख्या झालेल्या पाण्यातला. आपलं बोअरचं पाणी त्याच्या अगदी उलट टोकाला. शिळं बोअर आणि आरओ निम्मं-निम्मं मिसळून दिलं तर त्याचा रंगही खुलतो आणि बुजरेपणाही बराच कमी होतो. हा हिशेब जमत नसेल तर मॉली, प्लॅटी, गप्पी पाळा. त्यांना जड पाणी आवडतं.

अमोनिया: उन्हाळ्यात तोच आकडा जास्त विषारी

टाकी नवीन असेल, दीड महिन्याच्या आतली, तर लपण्याचं पहिलं संशयित हेच. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वाढायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर मासे स्वतःच्याच घाणीत बसलेले असतात. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ असतं, त्यामुळे कुणाला पटत नाही.

टेस्ट किटवर दिसतो तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी भाग किती, ते पीएच आणि तापमानावर ठरतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर विषारी भाग शेकडा अर्धा. पीएच ८ झाला की तोच शेकडा पाचवर जातो, म्हणजे दहापट. पाणी ३० अंशांना पोचलं की साडेसात. आता आपलं पाणी बघा. बोअरचा पीएच बहुतेक आठच्या आसपास, मे महिन्यात टाकी ३०च्या वर. गार आणि मऊ पाण्याच्या गावी किटवर जो आकडा चालून जातो तो इथे मासा लपवतो, दमवतो, मारतोही. शून्याच्या वर काहीही दिसलं तर खाणं दोन दिवस बंद, रोज पाचवा हिस्सा पाणी बदल, आणि स्पंज नळाखाली धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून परत लावायचा. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने ते जिवाणू गेले आणि तुम्ही परत पहिल्या आठवड्यात आलात.

'दर महिन्याला टाकी पूर्ण साफ करतो, तरी लपतात' असं सांगणाऱ्यांचं उत्तर याच परिच्छेदात आहे. पूर्ण साफ करता म्हणूनच. गोटे घासून, सगळं पाणी ओतून, फिल्टर धुऊन दर महिन्याला नवीकोरी टाकी तयार होते, आणि माशांना दर महिन्याला तोच त्रास पहिल्यापासून भोगावा लागतो.

वीज गेल्यावरही थोडं असंच होतं. फिल्टर तीन-चार तास बंद राहिला की बंद डब्यातल्या जिवाणूंना हवा मिळत नाही. म्हणून खान्देशात माझं मत साध्या स्पंज फिल्टरला. तो एअर पंपावर चालतो, छोटा पंप पाच वॉटही खात नाही, घरातल्या इन्व्हर्टरवर आरामात रात्र काढतो. महागडे फिल्टर दिसायला छान असतात.

ऊन आणि थंडी

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३५ अंशांना सातच्या खाली. त्याच वेळी गरम पाण्यात माशाला प्राणवायू लागतो जास्त. मग काही मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, आणि काही दुपारभर तळाच्या गारव्यात, अंधारात पडून राहतात आणि रात्री बाहेर येतात. फक्त दुपारी लपणारे मासे असतील तर आधी दुपारी तीन वाजता थर्मामीटर वाचा.

आपल्याकडची हवा एप्रिल-मेमध्ये कोरडी असते, याचा फायदा घ्या. झाकण काढून वर मच्छरदाणीची जाळी ताणा आणि छोटा टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरपा सोडा. माठातलं पाणी जसं गार होतं त्याच तत्त्वावर टाकी दोन ते चार अंश उतरते. पाणी जास्त आटेल, भरती आरओने. पावसाळ्यात हवा दमट झाली की ही युक्ती फारशी चालत नाही, पण तेव्हा गरजही नसते. बर्फाच्या बाटल्या सोडणं मला पसंत नाही. तासाभरात तापमान खाली, मग परत वर, आणि या झोक्यानेच मासे जास्त बिथरतात.

निऑन २० ते २६ अंशांतला मासा आहे. दुपारी टाकी ३२-३३ला जाणाऱ्या घरात तो कधीच मोकळा वागणार नाही. तसाच दिसणारा कार्डिनल टेट्रा उन्हाळा जास्त सोसतो. महाग पडतो, पण दर जूनमध्ये नवे निऑन आणण्यापेक्षा स्वस्तच. गोल्डफिशला तर गारवाच लागतो. त्याला एसी किंवा कुलरच्या खोलीत ठेवा.

हिवाळ्यात सकाळी मासे तळाशी दगडासारखे बसलेले दिसले तर बहुतेक पाणी १८-२०ला आलेलं असतं. साधारण लिटरमागे एक वॉट या हिशेबाने थर्मोस्टॅटचा हीटर घ्या आणि २५वर लावून ठेवा. पाणी बदलताना तो आधी बंद करायचा, नाहीतर उघडा पडलेला काचेचा हीटर तडकतो.

एक जोडी, एक जोडी

आता सोबतीबद्दल. पाणी बरोबर असूनही मासे लपतात अशा टाक्यांत मला बहुतेक वेळा हीच यादी दिसते: निऑनची जोडी, टायगर बार्बची जोडी, एंजलची जोडी, मॉलीची जोडी, एक शार्क आणि काच साफ करायला एक सकर. आपल्याला जोडीचं फार. दुकानदारही जोडीनेच भाव सांगतो. पण निऑन, झेब्रा, बार्ब, कोरी, लोच हे थव्याचे मासे. दोन निऑनचा थवा होत नाही. ओळखीचं एकही माणूस नसलेल्या लग्नात आपण भिंतीकडची खुर्ची धरून बसतो, तसे ते बसतात.

थव्याच्या माशांचं किमान सहा, जमलं तर दहा. माझ्या मते दोन फुटी टाकीसाठी, म्हणजे दोन फूट बाय एक बाय एक, ज्यात गोटे वगळून पन्नासेक लिटर पाणी मावतं, एक थवा वर-मधे आणि एक थवा तळाला एवढंच पुरे. दहा कार्डिनल आणि सहा कोरी. किंवा आठ झेब्रा आणि सहा कोरी. बाकीच्या जोड्या दुकानात राहू द्या. आकडा वाढवताना एकदम वाढवू नका, आठवड्याच्या अंतराने दोन खेपांत आणा, फिल्टरलाही वेळ मिळतो.

वर फिरणाऱ्या थव्याचा आणखी एक उपयोग आहे. तळाशी लपलेला मासा वरच्यांवर नजर ठेवून असतो. नदीत वर मासे निवांत फिरत असले तर जवळपास बगळा किंवा खंड्या नाही, असा त्याचा अर्थ. वरचे झेब्रे बेफिकीर पोहत असले की खालचे बुजरे सिच्लिड, लोच, अगदी नव्याने आणलेले एंजलही हळूहळू बाहेर येतात. झेब्रा मूळचा आपल्याच देशातल्या ओढ्या-शेतांतला, स्वस्त, चिवट, पाण्याबद्दल फारशी कुरकूर नाही. आपल्या पाण्यात आणि आपल्या उन्हात हे काम करायला त्याच्याइतका योग्य मासा दुसरा नाही. फक्त मोठ्या ऑस्करच्या टाकीत त्याला सोडू नका, तो नाश्ता होईल.

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही खरी. एक मासा घाबरला की सगळे घाबरतात. १९३८ मध्ये कार्ल फॉन फ्रिश यांना मिनो माशांवरच्या निरीक्षणात दिसलं की जखमी माशाच्या कातडीतून पाण्यात काहीतरी मिसळतं आणि बाकीचे मासे लगेच दडतात. मधमाश्यांच्या नाचाचा उलगडा करणारे हेच फ्रिश, १९७३चं नोबेल त्यांना मिळालं. झेब्रा, बार्ब, टेट्रा, लोच, गोल्डफिश हे सगळे त्याच मोठ्या गटात येतात. म्हणून जाळीने मासा पकडताना टाकीभर धावपळ झाली, एखाद्याचे खवले निघाले, की उरलेले दिवसभर दिसत नाहीत. तसंच, कुणीतरी रोज कुणाचे तरी पर कुरतडत असेल तर टाकीवर कायमची भीती असते. अर्धा तास लांब बसून बघा, एक दांडगोबा सापडतोच. टायगर बार्ब कमी संख्येत असले की दुसऱ्यांच्या मागे लागतात, आठ-दहा असले की आपसात भांडतात. लाल शेपटीचा शार्क स्वतःची हद्द सोडत नाही, त्याला एकटं वेगळं ठेवा. मोठा एंजल असेल तर निऑन लपतात ते शहाणपणाने लपतात, कारण एंजल निऑन खातो.

आडोसे कसे आणि कशाचे

माशाला दोन हातांवर लपायला जागा आहे हे माहीत असलं की तो उघड्यावर यायला धजावतो. प्रत्येक माशाला एक अशी जागा, आणि एकाच्या जागेवरून दुसऱ्याची दिसू नये. दुकानातला प्लॅस्टिकचा किल्ला आणायची गरज नाही. कुंभाराकडचं बिनरंगी छोटं मडकं आडवं ठेवा, नाहीतर फुटक्या माठाची खापरं, कडा घासून. दिवाळीच्या रंगवलेल्या पणत्या नकोत. शेतातून लाकूड किंवा मुळं आणणार असाल तर फवारणीच्या शेतातली नको. आपल्याकडे कापूस आणि केळी, दोन्हींवर औषध पडतं.

घरात मनी प्लांट आहेच. त्याचा वेल टाकीच्या मागच्या काठावर असा अडकवा की मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. महिन्या-दोन महिन्यांत मुळांचा पडदा तयार होतो, मासे त्यात निवांत राहतात आणि झाड नायट्रेटही ओढून घेतं. तापी-गिरणेतून उपटून आणलेली झाडं मात्र टाकू नका, सोबत जळवा आणि गोगलगायी येतात.

देशी बदामाचं वाळून गळलेलं पान धुऊन टाकायचं, पन्नास लिटरला एक-दोन. पाणी फिकट चहासारखं होतं, उजेड मऊ पडतो. बुजऱ्या माशांवर याचा परिणाम चांगला दिसतो. याने पीएच उतरतो असं सांगतात, ते आपल्या बोअरच्या पाण्यावर विसरा. त्यातले क्षार पीएचला हलू देत नाहीत. सावली आणि रंगासाठी टाका.

तळाला पांढरे चकचकीत गोटे असतील तर ते बदला. खालून उजेड परत आला की मासे फिके पडतात आणि उघडं वाटून घेतात. गडद रेती किंवा काळे बारीक खडे. आणि मागची काच मोकळी सोडू नका, काळा कागद बाहेरून चिकटवला की पुरे. हा दहा रुपयांचा उपाय आहे, अर्धा तास लागतो, आणि मी आधी हाच करायला सांगतो.

हादरे, सावल्या, फवारे

माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक संवेदनांची रेघ असते, पाण्यातला बारीकसा हादरा तिला कळतो. उन्हाळ्यात कुलर सुरू झाला आणि मासे लपले, असं बऱ्याच घरांत होतं. लोखंडी कुलर टाकीच्या स्टँडला किंवा त्याच भिंतीला टेकलेला असतो. घरघंटी, मिक्सर, वॉशिंग मशीन, दार आपटणं, सगळं त्यांच्यापर्यंत पोचतं. कुलर हलवता येत नसेल तर टाकीखाली एक इंचाचा थर्माकोल टाका. दिवाळीत किंवा दारावरून वरातीचा डीजे जाणार असेल त्या दिवशी टाकीवर चादर टाकून द्या, लाईट बंद, आणि दुसऱ्या दिवशी मासे नाहीत म्हणून घाबरू नका.

छताच्या पंख्याच्या वर ट्यूबलाईट असेल तर पात्यांची सावली टाकीवर सतत फिरत राहते. वरून येणारी सावली म्हणजे पक्षी, असं माशाला वाटतं. टाकी सहा इंच सरकवली तरी फरक पडतो. अंधाऱ्या खोलीत एकदम टाकीचा लाईट लावू नका. माशाला पापण्या नसतात. आधी खोलीतला दिवा, दहा मिनिटांनी टाकीचा. दिवसाला सहा ते आठ तास पुरे.

डासांच्या औषधाचं सर्वांत गंभीर. लिक्विड, कॉइल, स्प्रे यांतली पायरेथ्रॉइड औषधं माशांना अत्यंत विषारी असतात, आणि एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. पावसाळ्यात गल्लीत धुराची गाडी आली की पंप बंद करा, टाकीवर ओलं कापड झाका, खिडक्या लावा, धूर ओसरल्यावर पंप परत सुरू. हे दहा मिनिटांचं काम न केल्याने एका रात्रीत टाकी रिकामी झालेली बघितली आहे. मासे आधी वेडेवाकडे पोहतात, मग तळाशी जाऊन पडतात. तेव्हा लगेच मोठा पाणी बदल, एवढंच हातात उरतं. शेतात फवारणी करून आलेला हातही टाकीत नको, साबणाने धुतला तरी त्या दिवशी नको.

जे लपणारच

कुली लोच, सकर, ब्लॅक घोस्ट हे रात्रीचे मासे. दिवसा ते दिसत नाहीत यात बिघाड काही नाही. घरातल्या आजीने चार दिवस बघून "हाऊ मासा जित्ता शे का?" विचारलं, तर रात्री लाईट गेल्यावर दोन तासांनी टॉर्चला लाल पातळ कागद गुंडाळून तिला दाखवा. लाल उजेडात ते फारसे दचकत नाहीत. त्यांचं खाणं, बुडणाऱ्या गोळ्या, लाईट बंद करतानाच टाकायचं. दिवसा टाकलेलं सगळं दुसरेच खातात आणि हे उपाशी राहतात. व्यायला आलेली गप्पी-मॉलीची मादी आणि अंडी राखणारा सिच्लिड हेही आडोशाला जातात, त्यांना हात लावू नका.

पण पर अंगाला चिकटलेले, कल्ले भराभर हलतायत, अंगावर साखरेच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके, खाणं तोंडात घेऊन थुंकतोय, पोट आत गेलंय, यातलं काही दिसलं तर तो आजारी आहे. मग वेगळी टाकी आणि त्या आजाराचं औषध. वरचं काही त्याला लागू नाही.

बाहेर यायची सवय

पाणी, सोबत, आडोसा, जागा हे जमल्यावर उरतो तुमच्याबद्दलचा अविश्वास. रोज एकाच वेळी, एकाच कोपऱ्यात, चिमूटभर खाणं टाका आणि दोन पावलं मागे सरून बसा. दोन मिनिटांत संपेल एवढंच. पहिले काही दिवस तुम्ही लांब असतानाच खातील. खुर्ची रोज थोडी जवळ घ्या. एखाद्या दिवशी उपास घडला तरी चालतो, दुसऱ्या दिवशी धीट होतात. मुलांना काचेवर टकटक करू देऊ नका, खाणं टाकायचं काम त्यांनाच द्या, मग टकटक आपोआप थांबते. मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे आलेली भाचरं असतील तर हा नियम पहिल्या दिवशीच सांगून ठेवा.

एका वेळी एकच बदल करा आणि आठवडा थांबा. आज खडे, उद्या मासे, परवा औषध असं केलंत तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही, आणि रोजच्या ढवळाढवळीनेच मासे लपलेले राहतील.

हे सगळं करूनही दोन महिन्यांत काही हललं नाही, तर तो मासा तुमच्या टाकीचा नाही. फूट-दीड फूट वाढणारा सकर दोन फुटी टाकीत, एकटा क्लाउन लोच, जड पाण्यातले निऑन, यांना जागेवर कितीही मडकी दिली तरी ते खुलणार नाहीत. बहुतेक दुकानदार मोठा झालेला मासा परत घेतात, बदल्यात थोडे पैसे कापतात. द्या. मेहरूण तलावात किंवा गिरणेत मात्र सोडू नका. सकर आपल्या देशातल्या बऱ्याच नद्या-तळ्यांत असाच सोडला गेलाय, तिथे पसरलाय आणि तिथल्या मूळ माशांना त्रास होतोय. परत देताना दुकानात पैशांऐवजी आठ झेब्रे मागा, आणि पिशवीत बांधून घेण्याआधी विचारा की ते दुकानाच्या टाकीत किती दिवसांपासून आहेत. आठवडा झाला असेल तर घ्या. कालच आलेले असतील तर पैसे देऊन ठेवा आणि पुढच्या रविवारी न्या.